दर्यावरील बिनतारी संच आणि त्याची गवसणी



पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हा काळ जाळी दुरुस्त करण्याचा, होडीच्या तळाला रंग देण्याचा आणि इंजिन खोलून साफ करण्याचा. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करावयाचा आणि तांडेलाने आपल्या खलाशांसह नव्या हंगामास सिद्ध व्हावयाचे, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. या सर्व तयारीत एक लहानशी वस्तू मात्र बहुधा विसरली जाते. हातात मावणारा जो बिनतारी संच हल्ली होड्यांवर दिसू लागला आहे, त्याला पाण्यापासून राखणारी पिशवी, म्हणजे त्याची गवसणी, हीच ती वस्तू. ती कशी निवडावी, याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. समुद्रापासून दूर राहणाऱ्या श्रोत्यांना हा विषय परका वाटेल. परंतु पाणी आत कसे शिरते आणि त्याला कसे अडवावे, याचे नियम दर्यात आणि धरणाच्या जलाशयात सारखेच आहेत.

प्रथम या संचाची ओळख करून घेऊ. तो सुमारे १५६ ते १६२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतो. त्यातील १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, ही संकटकाळच्या हाकेसाठी साऱ्या जगात ठरलेली आहे. जवळ मोबाइल असताना हा दुसरा संच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. मोबाइलचा संपर्क किनाऱ्यापासून काही अंतरावर तुटतो, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. मोबाइलवरून केलेली हाक एकाच माणसाला ऐकू जाते. सोळाव्या वाहिनीवरील हाक टप्प्यात असलेल्या आणि संच चालू ठेवलेल्या प्रत्येक नौकेला ऐकू जाते. संकटात सापडलेल्याला ओळखीच्या माणसापेक्षा जवळच्या माणसाची गरज अधिक असते.

२०१७ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा दक्षिणेकडील कित्येक नौका खोल समुद्रात होत्या. त्यांपैकी अनेक नौका वाऱ्यापाण्याशी झुंजत आपल्या देवगडच्या आश्रयाला आल्या. सर्वांचे दैव तसे नव्हते. उलटलेल्या होडीला धरून तासन्‌तास पाण्यात राहिलेल्या माणसांची वृत्ते त्या दिवसांत आपण वाचली. छोटा संच शेकडो किलोमीटर दूरच्या किनाऱ्याशी बोलू शकत नाही, ही त्याची मर्यादा प्रथमच सांगितली पाहिजे. तथापि होडी उलटल्यावर तिच्या केबिनमधला मोठा संच तिच्याबरोबर पाण्याखाली जातो, आणि माणसाच्या अंगावर असलेला लहान संच तेवढा त्याच्याजवळ उरतो. म्हणून गवसणी निवडताना दुकानातल्या कोरड्या टेबलाचा विचार न करता, गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या आणि थंडीने बोटे आखडलेल्या माणसाचा विचार करावा. जी गवसणी संच कोरडा ठेवते, पण बोलण्यासाठी उघडावी लागते, ती त्या माणसाच्या काहीच उपयोगाची नाही. आजच्या भाषणातील एवढे एकच वाक्य ध्यानात राहिले, तरी पुष्कळ झाले.

आता कोणी म्हणेल, नवे संच मुळातच पाण्याला दाद देत नाहीत, मग गवसणी हवीच कशाला? अशा संचांवर आयपीएक्स ७ किंवा आयपीएक्स ८ अशी अक्षरे छापलेली असतात. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सात म्हणजे तो संच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवून तपासलेला आहे. आठ म्हणजे त्याहून कठीण कसोटी. मात्र ती किती खोलीची आणि किती वेळाची, हे उत्पादक ठरवून सांगतो, म्हणून तो तपशील वाचावयास हवा. चार म्हणजे केवळ उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सातच्या कसोटीत पाच आणि सहा या आकड्यांच्या कसोट्या, म्हणजे जोराच्या फवाऱ्याचा मारा, आपोआप येत नाहीत. स्थिर पाण्यात टिकलेली वस्तू लाटेच्या थपडेतही टिकेलच, असे म्हणता येत नाही.

शिवाय ही कसोटी नव्या वस्तूची आणि गोड्या पाण्यात झालेली असते. दर्याचे पाणी खारट. ते विजेचे वाहक आहे आणि धातूचे शत्रू आहे. बॅटरीच्या टोकांवर त्याचा एखादा थेंब राहून गेला, तरी काही दिवसांत तेथे हिरवट थर चढू लागतो. संचाच्या सांध्यांतील रबर उन्हाने आणि वापराने कडक होते. एकदा संच हातातून निसटून पडला की बारीक भेगही पडते. तात्पर्य, संच नव्याने घ्यावयाचा असेल, तर पाण्यात टिकणारा आणि तरंगणारा घ्यावा, आणि गवसणी ही दुसरी तटबंदी समजावी. संच जुना असेल, तर गवसणी हीच पहिली आणि शेवटची तटबंदी होय.

गवसण्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आढळतात. पहिला कठीण पेटीचा. तिच्या झाकणाखाली रबरी कडी असते. आपल्या घरातील प्रेशर कुकरच्या झाकणाला असते तशीच. ती कडी स्वच्छ असेल तर पेटी उत्तम. पण तीवर वाळूचा एक कण किंवा एक केस राहिला, तर पाणी वाट काढतेच. ही पेटी संच नेण्याआणण्यास चांगली. पण ती उघडल्याखेरीज बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष. दुसरा प्रकार तोंडाशी तीन-चार घड्या घालून बांधावयाच्या पिशवीचा. ती पावसाला आणि तुषारांना पुरते. मात्र पाण्यात बुडून राहण्यासाठी ती बहुधा केलेलीच नसते. तिसरा प्रकार मऊ, पारदर्शक पिशवीचा, जिचे तोंड प्लॅस्टिकच्या दोन दांड्यांत दाबून घट्ट पकडले जाते. पिशवी बंद असतानाच बोलता यावे, बटण दाबता यावे आणि अंकही वाचता यावेत, असा हा प्रकार असल्यामुळे आपल्या कामाला तोच योग्य.

या पिशवीतही पारख करावी लागते. तिचे सांधे शिवलेले नसून उष्णतेने जोडलेले असावेत. कारण शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांगच. स्वस्त पिशव्या पीव्हीसीच्या असतात. उन्हात त्या कालांतराने कडक होऊन घडीवर तडकतात. टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पुष्कळ काळ मऊ राहतात. बायबलातील नोहाने आपल्या तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावले, अशी कथा आहे. पाणी सदैव एका फटीच्या शोधात असते, हे शहाणपण इतके जुने आहे.

यानंतर मापाचा विचार. संचाची लांबी एरियलसह मोजावी. पुष्कळजण केवळ खालच्या भागाचे माप घेतात आणि मग एरियल वाकवून पिशवीत कोंबतात. एरियल वाकले की संचाची शक्ती वाया जाते. पिशवीला धातूचे अस्तर नसावे. साध्या प्लॅस्टिकमधून बिनतारी लहरी सहज पार होतात, धातूतून होत नाहीत.

एरियलचा विषय निघालाच आहे, तर पट्टीविषयीही सांगतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून एरियल जितके उंच तितका टप्पा लांब. पाण्यापासून १ मीटर उंचीवर धरलेल्या एरियलचे क्षितिज सुमारे ४ किलोमीटरांवर असते. समोरच्या होडीतही तेवढ्याच उंचीवर एरियल असेल, तर दोहोंमध्ये फार तर ८ किलोमीटर अंतर चालेल. किनाऱ्यावरील एरियल १०० मीटर उंच असेल, तर हिशेबाने हेच अंतर सुमारे ४५ किलोमीटरांपर्यंत जाते. प्रत्यक्षात थोडे कमीच धरावे. उलट एरियल पाण्याखाली गेले, तर हाक तेथेच संपते; खाऱ्या पाण्यातून या लहरी जात नाहीत. म्हणून गवसणीची पट्टी जीवरक्षक जाकिटाला बांधलेली असावी, आणि संच डोक्यावर उभा धरता येईल इतकी लांब असावी. कमरेला आखूड बांधलेला संच कोरडा राहील, पण मुका राहील.

आवाजाचेही तसेच. पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यातून बोलणे चांगले पार होते. तथापि पडदा ताणलेला नसावा आणि त्यावर पाणी साचलेले नसावे. बोलण्यापूर्वी पिशवी एकदा झटकावी. पिशवीत थोडी हवा ठेवावी, म्हणजे ती तरंगते; फार हवा ठेवली तर ती फुगते आणि बटण बोटाला सापडत नाही. वाहिनी बदलण्याची बटणे पिशवीतून फिरवणे कष्टाचे असते. म्हणून संच सोळाव्या वाहिनीवर लावून, आवाज पुरेसा ठेवून, मगच तोंड बंद करावे. बोलताना संच तापतो आणि बंद पिशवीतून ती उष्णता सहजी निघत नाही. म्हणून पिशवी भर उन्हात फळ्यांवर टाकून ठेवू नये. दमट हवेत तोंड बंद केले, तर आत दव धरते. ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी आत ठेवल्यास तो त्रास टळतो.

निवड झाल्यावर परीक्षा घ्यावी, आणि ती संच आत न घालता घ्यावी. पिशवीत वर्तमानपत्राचा कोरडा कागद आणि बुडण्यापुरते वजन म्हणून एक गुळगुळीत दगड घालावा, तोंड बंद करावे आणि पाण्याने भरलेल्या पिंपात ती अर्धा तास बुडवून ठेवावी. कागद कोरडा निघाला, तर पिशवी विश्वासास पात्र. मग संच आत घालून, ओल्या हातांनी, डोळे मिटून बटण शोधण्याचा सराव करावा. बोलण्याचा सराव मात्र सोळाव्या वाहिनीवर कधीही करू नये. तेथे गंमत म्हणून दिलेली हाक एखाद्या खऱ्या बुडणाऱ्याची हाक झाकून टाकते. ही परीक्षा दर हंगामाच्या आरंभी पुन्हा करावी. प्रत्येक फेरीनंतर पिशवी बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवावी, पुसून मग उघडावी, सावलीत वाळवावी आणि तोंडाच्या पकडीत वाळू नाही, हे पाहावे.

मोठ्या जहाजांच्या जीवनौकांसाठी जे हातातील संच ठेवावे लागतात, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९५ साली किमान अटी घालून दिल्या. संच १ मीटर पाण्यात निदान ५ मिनिटे टिकावा, हातमोजे घातलेल्या माणसाला तो वापरता यावा, अशा त्या अटी आहेत. पाण्यापासून बचाव आणि आखडलेल्या हाताची सोय, या दोन गोष्टी तेथे शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लहान होडीवरील आपल्या खलाशाने तरी त्याहून कमी का मागावे?

तेव्हा यंदा होडी पाण्यात लोटण्यापूर्वी, जाळी आणि इंजिन यांच्याबरोबर ही गवसणीही एकदा हातात घेऊन पाहा, आणि ज्याच्या जाकिटाला ती बांधायची, त्याच्याच हातून ती परीक्षा करवून घ्या. एवढेच सुचवून आपली रजा घेतो.