कडी लावलेला रुपया

नाणी जमवणारे चार जण एकत्र बसले की पहिला हशा हमखास 'रामदरबारा'वर होतो. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, आणि साल कधी 1818, कधी 1717, तर कधी चक्क 1616. कोणीतरी ते रुमालात गुंडाळून आणतो आणि दबक्या आवाजात विचारतो, "हाई खरं शे का, भाऊ? म्हणे तांदूळ ओढतं." सुरतेत कंपनीची वखार सुरू झाली 1613 साली. 1616 साली तिच्याकडे हिंदुस्थानात नाणी पाडायला टाकसाळच नव्हती. रामदरबाराचं नाणं तर तिने कधीच पाडलं नाही. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नादाने लोकांनी लाखो रुपये घालवले आहेत, त्यामुळे आमचा हशा ओसरला की कोणीतरी त्या माणसाला शेजारी बसवून नीट समजावतो. ही रीत फार जुनी आहे आणि मला ती या छंदातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात आणि आसपासच्या गावांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आम्हा नाणेवेड्यांचे जे वाद झाले, ते आठवायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. विषय कुठलाही असो, भांडण फिरून एकाच प्रश्नावर यायचं: खराब नाणं म्हणायचं कशाला?

सुरुवातीच्या काळात बैठक रंगायची ती राणीछाप रुपयावर. 1862 साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया पुढे 1874 पर्यंत त्याच सालाने पाडला गेला. खरं वर्ष कळावं म्हणून सालाखाली बारीक ठिपके टाकत. भिंगाखाली ते ठिपके मोजणं हा आमच्याकडचा खरा खेळ. एकाला तीन दिसायचे, दुसऱ्याला चार, आणि तिसरा म्हणायचा, "तो चौथा ठिपका नाही, मळ आहे." साल गोठवण्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. जुन्या सालाचा रुपया दिला की सराफ बट्टा कापायचे, म्हणजे नाणं झिजलेलं असो वा नसो, साल मागचं म्हणून किंमत कमी. तो बट्टा टाळायला सरकारने साल बदलणंच थांबवलं. आज त्याच सालासाठी संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात. सराफाचं 'खराब' आणि आमचं 'दुर्मीळ' यांत शे-दीडशे वर्षांचंच अंतर आहे.

1911च्या रुपयाने तर कित्येक संध्याकाळी खाल्ल्या. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, आणि हिंदू-मुसलमान दोघांनीही नाक मुरडलं. टाकसाळीतून सुमारे 94 लाख रुपये पडले होते. त्यातले 7 लाखांच्या आसपास बाजारात गेले, उरलेले वितळवले आणि 1912 साली हत्ती सुधारून नवा छाप आणला. तेव्हापासून प्रत्येक नवखा 1912च्या रुपयावरही डुक्कर शोधतो आणि त्याला ते सापडतंही! मग भिंग हातोहात फिरतं, सोंड किती खाली उतरली आहे यावर आवाज चढतात. पण या आरडाओरड्यातच नवख्याची नजर तयार होते. पुस्तकातला फोटो पाहून हे साधत नाही.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांनी वादाला नवा दारूगोळा दिला. 1 एप्रिल 1957ला दशमान पद्धत आली, आण्याचे सव्वासहा पैसे झाले आणि तो पाव पैसा कोणी सोसायचा यावरून दुकानादुकानांत तंटे झाले. हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. पावली 30 जून 2011ला चलनातून गेली, तेव्हा डबे भरून ठेवणाऱ्यांची आणि "याला कोण विचारणार" म्हणणाऱ्यांची चांगलीच जुंपली. त्याआधी रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं आणि पन्नास पैशांवर मूठ आली होती. सरकारने रुपयामागे ठेंगा दाखवला, हा विनोद तेव्हा चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत चालला.

दहा रुपयांच्या नाण्याचं प्रकरण इतकं सरळ नव्हतं. आधीच्या छापावर 15 पट्ट्या होत्या, रुपयाचं चिन्ह आल्यावर 10 झाल्या. अफवा उठली की पंधरावालं नाणं खोटं. दुकानदार घेईनात, बसमध्ये वाद व्हायला लागले, भाजीवाल्या बायांची दिवसाची कमाई अडकली. त्या दिवसांत आमच्यातले काही जण खिशात दोन्ही नाणी ठेवून फिरायचे आणि बाजारात उभं राहून फरक समजावून सांगायचे. अखेर जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा रुपयांचे तोवर निघालेले चौदाही छाप खरे आहेत. तरी नाणं परत करणारे हात लगेच थांबले नाहीत.

त्याच सुमाराला बैठकीचा सूर बदलला. पूर्वी लोक "हे कुणाचं?" म्हणून विचारायचे, आता "याचे किती येतील?" म्हणून विचारू लागले. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, हा निरोप मोबाइलवरून घरोघर पोचला. जुनी नाणी विकून देतो म्हणत आपल्या नावाने पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करावं लागलं. या बदलाचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. भाव विचारणारा माणूस उत्तर मिळालं की उठून जातो, ओळख विचारणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

आता मुख्य भांडण. धुवायचं की नाही, हा वाद दर दिवाळीला ठरलेला. लक्ष्मीपूजनाला घरोघरी चांदीचे रुपये निघतात आणि चिंच लावून लख्ख घासले जातात. संग्राहकाच्या जिवाचं पाणी होतं, कारण घासल्यावर नाण्याचा जुना थर जातो आणि राणीचे केस सपाट होतात. माझं म्हणणं एवढंच, की पुढे घासू नका, पण पूजेत झिजलेल्या नाण्याला टाकाऊही म्हणू नका.

कडीवरून मात्र दोन तट पडले ते आजही मिटलेले नाहीत. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा बायकांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांच्या माळा असतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्या उन्हात चमकताना दिसतात. असा एक 1901चा रुपया माझ्यापुढे आहे. राणीच्या मुकुटाच्या वर डाख देऊन कडी बसवलेली, डाखाचा एक थेंब अक्षरांवर ओघळलेला. माळेत तो एकाच बाजूने अंगाला लागत राहिला, त्यामुळे राणीचा चेहरा अजून उठावदार आहे आणि मागची वेल मात्र बोटाला जेमतेम लागते. नाणेबाजाराच्या यादीत याला 'खराब' म्हणतात आणि भाव चांदीच्या वजनाचा: 11.66 ग्रॅमचा रुपया, त्यात सुमारे 10.7 ग्रॅम चांदी. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. ते आवाजावरून ओळखणारे सोनार आपल्याकडे होते, आणि माळ ओवणाऱ्या घरांनाही जुना रुपया कुठला ते बरोबर कळायचं.

या वादात मी जोगळटेंभी पुढे करतो. 1906 साली नाशिकजवळच्या या गावी चांदीच्या 13 हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा शिक्का बसला, म्हणजे आमच्या यादीच्या भाषेत नाणं बिघडलं. पण त्या बिघाडानेच सातवाहनांनी नहपानाला हरवल्याचा बिनतोड पुरावा दिला. मग पावरा बाईच्या माळेतली कडी कोणत्या न्यायाने दोष ठरते? टाकसाळीतून निघालेला रुपया सातपुड्यात येऊन कशासाठी जपला गेला, हे तीच कडी सांगते. समोरचे म्हणतात, नहपानाच्या नाण्यावर राजाने छाप मारला, इथे सोनाराने. मला हा फरक पटत नाही.

2011 साली चांदी भडकली, 2025 साली त्याहून जास्त भडकली. दोन्ही वेळा माळा तुटल्या आणि रुपये मुशीत गेले. काही संग्राहक कडी काढून, जागा घासून नाणं 'साफ' करून विकतात. डाखाचा व्रण तरीही राहतो, आणि माळेत शेजारी कोणतं नाणं होतं ही माहिती तर कायमची जाते. आमच्यातल्या काहींनी आता माळ दिसली की फोटो, नाण्यांची सालं, क्रम आणि परिसर वहीत नोंदवायला सुरुवात केली आहे. बाकीचे म्हणतात, हा नाण्यांचा नाही, दागिन्यांचा अभ्यास झाला. होऊ दे.

विकायला आलेल्या माळेचा भाव चांदीचा लावायचा की नाण्याचा, यावर तर मागच्या बैठकीतही एकमत झालं नाही. माझं मत ठाम आहे. तराजू काढण्याआधी एकेका रुपयाचं साल माळ आणणाऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचायचं. 1911चा किंवा ठिपक्यांचा 1862चा निघाला तर त्याचं मोल आधी तिला सांगायचं, आणि मग विकायचं की ठेवायचं ते तिने ठरवायचं.