खडकाळ वाटेची गाडी कशी निवडावी?

चारही चाकांस गति मिळणारी लहान मोटार घेऊं इच्छिणारे लोक बहुधा प्रथम एंजिनाची शक्ति विचारतात. परंतु ती शक्ति जमिनीपर्यंत कशी पोंचते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा कीं, जें चाक सहज फिरतें तेंच फिरत राहतें. म्हणून पुढचें उजवें व मागचें डावें चाक अधांतरीं झालें कीं गाडी जागींच अडते. यावर उपाय दोन: डिफरन्शियल जखडून टाकणें, किंवा घसरत्या चाकास आपोआप ब्रेक लागण्याची योजना.

दुसरी गोष्ट मंदगति गिअरची. त्यायोगें चढावर ओढ वाढते. उतारावर एंजिनच गाडीस आवरतें व ब्रेक तापत नाहींत.

तिसरी, गाडीच्या पोटाखालील उंची व तिचें वजन. 2020 सालच्या महिंद्र थारची उंची 226 मिलिमीटर, तर भारतांत 2023 सालीं आलेल्या मारुती जिम्नीची 210 मिलिमीटर आहे. तथापि जिम्नीचें वजन सुमारें 1200 किलोग्रॅम, म्हणजे थारहून पुष्कळच कमी. त्यामुळें मऊ चिखलांत ती कमी रुतते. उलटपक्षीं, खडकांवर थारची उंची उपयोगी पडते. यास्तव आपली वाट कोणती, हें आधीं ठरवावें.

आणि पूर आलेल्या ओढ्यापुढें कोणतीहि गाडी दुबळीच ठरते. तेथून माघारीं फिरणें यांत कमीपणा नाहीं. तेंच शहाणपण होय.