भोजपूर : आटलेल्या सरोवराकाठचे खेडे

मुंबईहून पंजाब मेलने उत्तरेकडे निघालेला प्रवासी इटारसी मागे टाकतो, नर्मदेचा पूल ओलांडतो आणि बुधनीपासून विंध्याचा घाट चढू लागतो. सागाचे रान आणि दऱ्या संपल्या की ओबेदुल्लागंजच्या पुढे एकाएकी मोकळे, सपाट मैदान लागते. हिवाळ्यात या मैदानात दूरवर गहू उभा असतो. मधूनच हरभऱ्याची गर्द पट्टी दिसते. थोड्याच वेळात मंडीदीपची धुराडी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ भोपाळ येते. सामान खाली काढण्याच्या गडबडीत असलेल्या त्या प्रवाशाला आपली गाडी एका सरोवराच्या तळावरून धावत आली याची सहसा कल्पना नसते. मंडीदीप या नावातील 'दीप' म्हणजे द्वीप, बेट. जुन्या गॅझेटियरात हे स्थानक नुसते 'दीप' म्हणूनच नोंदलेले आहे. ज्या पाण्यातील ते बेट होते ते पाणी आज नाही. त्या पाण्याला ज्या बांधाने अडविले होते त्याचे अवशेष मात्र आहेत, आणि ते पाहावयाचे तर भोजपूर या खेड्याकडे वळावे लागते.

भोपाळपासून सुमारे 28 किलोमीटरवर, आग्नेयेला, रायसेन जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी हे गाव आहे. भोजपुरी भाषेशी त्याचा संबंध नाही. ती भाषा ज्यावरून ओळखली जाते ते भोजपूर बिहारात आहे. हे भोजपूर धारच्या परमार राजा भोजाचे. मराठी माणसाला हा राजा गंगू तेल्याच्या जोडीने, म्हणीतूनच अधिक परिचित असतो. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यावर राज्य करणारा हा पुरुष ग्रंथकार होता, आणि वास्तुविद्येवरील 'समरांगणसूत्रधार' हा मोठा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. ग्रंथातील विद्या दगडात उतरली तर कशी दिसते, हे भोजपुरात पाहावयास मिळते.

बेतवा म्हणजे कालिदासाच्या 'मेघदूता'तील वेत्रवती. तिचा उगम येथून फार दूर नाही. या भागात टेकड्यांची एक नैसर्गिक तटबंदी आहे. मधली जमीन बशीसारखी खोलगट आणि कडेला डोंगर. या तटबंदीला दोनच खिंडारे होती, एक सुमारे शंभर यार्ड रुंदीचे आणि दुसरे सुमारे पाचशे यार्डांचे. भोजाच्या स्थपतींनी नेमकी तीच बुजविली. आत मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या प्रचंड शिळा, अशी या बांधांची रचना होती. शिळा एकमेकींवर नुसत्या बसविलेल्या. चुन्याचा वापर नाही. लहान खिंडारातील बांध 44 फूट उंच आणि तळाशी 300 फूट जाड होता. मोठा बांध उंचीने 24 फूटच, पण त्याचा माथा शंभर फूट रुंद. त्याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे सांडवा. वाढीव पाणी बांधावरून जाऊ दिले तर मातीचा बांध टिकत नाही, हे जाणून तो सांडवा बांधापासून दूर, एका टेकडीचा अखंड खडक फोडून काढलेला होता. इतक्या मोजक्या बांधकामाने किती पाणी अडले असेल? जुन्या गॅझेटियरात त्या जलाशयाचा विस्तार सुमारे 250 चौरस मैल दिलेला आहे. हा आकडा अंदाजाचा आहे. तो बराच कमी केला तरीही ते मानवनिर्मित पाणी फार मोठे होते.

त्याच्या निर्मितीची एक कथा या भागात सांगतात. राजाला दुर्धर रोग जडला आणि एका साधूने त्याला 365 प्रवाहांचे पाणी एकत्र आणणाऱ्या तळ्यात स्नान करण्यास सांगितले. शोध घेता बेतवेच्या खोऱ्यात 359 प्रवाह भरले. सहा कमी पडले. तेव्हा कालिया नावाच्या गोंड नायकाने एक अज्ञात नदी दाखविली, तिच्या उपनद्यांसह हिशेब पुरा झाला आणि त्या नदीला 'कलियासोत' हे नाव पडले. कथा म्हणून ती कोणत्याही तलावाला चिकटू शकली असती. पण येथे भूगोल तिला दुजोरा देतो. भोपाळ शहराचा मोठा तलाव कोलांस नदीवर बांध घालून केलेला आहे. कोलांसचे पाणी मुळात हलाली नदीकडे, म्हणजे दुसऱ्याच दिशेने जात असे. बांध घातल्यावर तलावाचे वाढीव पाणी भदभद्यावरून कलियासोत नदीत वळले आणि कलियासोत येते भोजपूरकडे. म्हणजे भोपाळचा तलाव हा परंपरेने ज्याला स्वतंत्र वैभव मानले जाते, तो या मोठ्या सरोवराला वरून पाणी पुरविणारा एक हौद असावा. कमी पडलेल्या प्रवाहांची गोष्ट ही बहुधा एका यशस्वी कालव्याची लोकांनी जपलेली आठवण होय.

सरोवराच्या काठावर, उंचवट्यावर, भोजाने शिवमंदिर आरंभिले. ते पूर्ण झाले नाही. सुमारे 35 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद जोत्यावर चार प्रचंड स्तंभ उभे आहेत आणि मध्ये साडेसात फुटांच्या आसपास उंचीचे, एकाच दगडाचे शिवलिंग आहे. परंतु अपुरे राहणे हेच या देवळाचे भाग्य ठरले. पूर्ण झालेल्या देवळाच्या कारागिरांनी आपला पसारा आवरून नेलेला असतो. येथे तो जागच्या जागी राहिला. देवळामागे शिळा वर चढविण्याचा मातीचा उतार आजही आहे. भोवतालच्या खाणीत अर्धवट कोरलेले घटक पडलेले आहेत. सपाट खडकांवर स्तंभांचे, शिखराचे, कमानींचे आराखडे रेषांनी कोरून ठेवलेले आहेत, कागदावर नकाशा काढावा तसे. दगडांवर पाथरवटांच्या खुणाही मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. मजुरीचा हिशेब ठेवण्यासाठी अशा खुणा करीत असत, असे मानले जाते. ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखात आली नाहीत त्यांच्या या सह्याच म्हणावयाच्या.

मग हे पाणी गेले कोठे? पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने लहान बांध फोडला, असे परंपरा सांगते. गोंडांच्या सांगीवांगीनुसार बांध कापावयास सैन्याला तीन महिने लागले, सरोवर रिकामे व्हावयास तीन वर्षे लागली आणि तळ वस्तीयोग्य व्हावयास तीस वर्षे लागली. तीनाच्या या पाढ्यात लोककथेची लय आहे, हे उघड आहे. तथापि चिखल सुकून त्यावर माणूस राहावयास एक पिढी जावी लागते, ही त्यातली समज खरी वाटते. सुलतानाने हे का केले याविषयी लिहिणाऱ्यांचे एकमत नाही. कोणी याला निव्वळ विध्वंस म्हणतो, तर कोणी सुपीक जमीन मिळविण्याचा हिशेब. सरोवर गेल्यावर माळव्याची हवाही पालटली, असे जुने लोक म्हणत.

इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना हानी म्हणून येते, आणि ती हानी होतीच. परंतु भोजपूर आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र पालटते. त्याचा नांगर जेथे चालतो तेथे पूर्वी पाणी होते. ते गेले म्हणून तो आहे. काही शतके ओढ्यांनी वाहून आणलेला गाळ त्या तळाशी बसत राहिला, आणि त्याखाली मूळची काळी माती होतीच. ही माती पाणी शोषून फुगते व धरून ठेवते; उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीत पाय रुततो, औत चालत नाही. म्हणून या मुलखातली जुनी रीत अशी होती की बरीचशी जमीन पावसाळाभर पडीक ठेवावयाची, तिला पोटभर पाणी पिऊ द्यावयाचे आणि थंडीच्या तोंडावर त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरावयाची. वरून पाणी द्यावे लागत नसे. बांध फुटला तरी पाणी साठविण्याचे काम मातीने पुढे चालू ठेवले, असे म्हटले तरी चालेल.

ही जमीन नेहमीच नांगराखाली राहिली असेही नाही. भोपाळ संस्थान 1949 साली केंद्र सरकारच्या कारभाराखाली आले, तेव्हा या मुलखातील फार मोठे क्षेत्र कांस गवताने व्यापलेले होते. आपल्याकडे कुंद्याने आणि हरळीने शेतकऱ्याला जेरीस आणावे तसे येथे कांसाने आणले. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाच्या नांगराला ती दाद देत नाहीत. शेतकरी शेवटी ती जमीन सोडून देतो. त्याच वर्षी जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी कर्ज दिले आणि केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेच्या अवजड यंत्रांनी भोपाळच्या व आसपासच्या प्रदेशांत कांस उपटून जमिनी मोकळ्या केल्या. शंभर-सव्वाशे मैलांवरच्या वऱ्हाडात ज्यांनी कापसाची काळी जमीन पाहिली आहे त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढे 1970 नंतर सोयाबीन आले आणि पावसाळ्यात जमीन पडीक ठेवण्याची रीत मोडली. जूनच्या अखेरीस पेरलेले सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघते आणि त्याच शेतात नोव्हेंबरात गहू पडतो. एका पिकाच्या जागी दोन झाली. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. परंतु ओल साठविण्याचा काळच गेल्यामुळे गव्हाला आता विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी द्यावे लागते. अलीकडे रायसेन जिल्ह्यात भातही वाढला आहे, आणि भाताची तहान गव्हाहून पुष्कळ मोठी. मुंबई-पुण्याच्या गृहिणी 'सिहोरचा' म्हणून ज्या शरबती गव्हाची चौकशी करतात तो याच पट्ट्यातला. शेजारच्या सिहोर जिल्ह्याच्या या गव्हाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो थोड्या पाण्यावर येतो, दाणा तेजदार असतो, पण उतारा कमी. म्हणून भाव चांगला असूनही पुष्कळ शेतकरी अधिक उत्पन्नाच्या जाती पेरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये कापणी येते. पूर्वी माणसांच्या टोळ्या विळे घेऊन येत. आता पंजाबातून मोठी कापणी यंत्रे येतात आणि शेत काही तासांत मोकळे करतात. मागे गव्हाचे उभे खुंट राहतात. त्यांना येथे 'नरवाई' म्हणतात. ती पेटवून देण्याची खोड सरकारी मनाई असूनही पुरती गेलेली नाही. महाशिवरात्रीला देवळापाशी मोठी जत्रा भरते, संक्रांतीलाही भरते. तेव्हा गहू ओंबीवर असतो, आणि नारळ, फुले, केळी, प्रसाद विकून गावातील कित्येक घरांना चार पैसे मिळतात. देव आणि शेत या दोहोंवर हे गाव उभे आहे; देवाचे उत्पन्न अलीकडे वाढत चालले आहे.

याच परिसरात, दक्षिणेकडे, भीमबेटका आहे. तेथील चित्रगुहांकडे विष्णु श्रीधर वाकणकर या उज्जैनच्या मराठी संशोधकाचे लक्ष 1957 साली गेले, तेही आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांमुळे. या गुहांना 2003 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खिडकीतून पाहणाऱ्याची दृष्टी तशी असली पाहिजे, एवढेच.

आता पुन्हा मंडीदीप. 1970 नंतरच्या काळात या जुन्या बेटावर आणि त्याच्या भोवतीच्या तळावर औद्योगिक नगरी वाढली. हजारो लोकांना तिने काम दिले, त्यांत भोजपूर परिसरातील शेतकऱ्यांची मुलेही आहेत. पण कारखान्यांचे आणि वस्तीचे सांडपाणी बेतवेत येऊ लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मंडीदीप ते विदिशा या भागाची नोंद केली. दुसरीकडून भोपाळ शहर दक्षिणेकडे सरकत आहे. जेथे हरभरा होता तेथे भूखंडांचे दगड रोवले जातात, मग रस्ता येतो, मग फाटक. एकदा मुरूम आणि सिमेंट पडले की ती माती परत शेत होत नाही. कांसाने घेतलेली जमीन ट्रॅक्टरने सोडविली. ही सोडविणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. शेतकऱ्याला एकरकमी जो पैसा मिळतो तो त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो, तेव्हा तो नाकारण्याचा उपदेश शहरातून करणे सोपे आहे. होशंगशाहाच्या बांधफोडीवर सहाशे वर्षे चर्चा चालली आहे. या दुसऱ्या बदलाची नोंद मात्र तलाठ्याच्या वहीत होते आणि तेथेच राहते.

भोपाळचा मोठा तलाव 2002 सालापासून 'भोज पाणथळ' म्हणून रामसर करारान्वये संरक्षित आहे. चांगला पाऊस झाला की तो भरतो, भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि शहरातील माणसे कुटुंबासह ते पाहावयास जातात. ते पाणी कलियासोतने उतरून, भोजाने आखून दिलेल्या वाटेनेच, भोजपूरजवळ बेतवेला मिळते. नदी तांबडी होऊन दोन्ही काठांना लागते. सखल भागातले सोयाबीन ज्यांचे आहे ते शेतकरी तेव्हा बांधाच्या जुन्या शिळांवर उभे राहून पाणी किती चढले ते पाहत असतात.