मराठवाड्यातील कोरडवाहू कापूस शेती : सेंद्रिय व रासायनिक खतांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड, कन्नड, पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांत कापूस हे प्रमुख नगदी पीक आहे. खतांविषयीची चर्चा बहुधा 'सेंद्रिय की रासायनिक' या प्रश्नाभोवती फिरते. वस्तुतः या दोन्ही खतांचे कार्य भिन्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

जमिनीचे स्वरूप :
येथील काळी जमीन चिकणमातीयुक्त, चुनखडीयुक्त व विम्लधर्मी आहे. तिच्यात पालाश पुरेसा असतो. मात्र सेंद्रिय कर्ब, नत्र व उपलब्ध स्फुरद यांचे प्रमाण कमी असते. जस्त व लोह यांची कमतरताही अनेक ठिकाणी आढळते.

पोषणाचे गणित :
युरियात ४६ टक्के नत्र असते, तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजेच १०० किलो नत्रासाठी ४५ किलोच्या सुमारे पाच गोण्या युरिया पुरतो. तेवढ्याच नत्रासाठी २० टन, अर्थात सुमारे ४० बैलगाड्या शेणखत लागते. त्यातीलही काही भागच पहिल्या हंगामात पिकास मिळतो. ट्रॅक्टरमुळे बैलांची संख्या घटली आणि २०१२ व २०१५ च्या दुष्काळांत चाऱ्याअभावी अनेकांना जनावरे विकावी लागली. त्यामुळे केवळ शेणखतावर कापसाची गरज भागविणे बहुसंख्य शेतकऱ्यांना अशक्य आहे.

केवळ रासायनिक खतांच्या मर्यादा :
विम्लधर्मी जमिनीवर युरिया उघडा पसरल्यास त्यातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. स्फुरद चुन्याशी संयोग पावून स्थिर होते. शिवाय १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पोषणमूल्याधारित अनुदान धोरणातून युरिया वगळला गेला. परिणामी तो इतर खतांच्या तुलनेत स्वस्त राहिला आणि नत्राचा असंतुलित वापर वाढला. सेंद्रिय पदार्थ मात्र मातीची रचना सुधारतात, ओल टिकवितात, स्फुरदाची व सूक्ष्म अन्नद्रव्यांची उपलब्धता वाढवितात. पावसाच्या खंडात कोरडवाहू पीक तगते ते याच ओलाव्यावर. देशात १९७० पासून चालू असलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतही केवळ नत्र दिल्यास उत्पादन घसरते आणि संतुलित रासायनिक खतांना शेणखताची जोड दिल्यास ते टिकून राहते, असे दिसून आले आहे.

पऱ्हाटीचा उपयोग :
शेणाची टंचाई असताना सेंद्रिय पदार्थ आणावा कोठून? त्याचे एक उत्तर कापसाच्या शेतातच आहे. वेचणीनंतर पऱ्हाटी सरपणासाठी जाते किंवा बांधावर जाळली जाते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात विकसित केलेल्या कंपोस्ट पद्धतीत पऱ्हाटीचाही वापर होता आणि तेथील जमीनही काळीच होती. पऱ्हाटीत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते. ती न कुजविता जमिनीत गाडल्यास सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र वापरतात व पीक पिवळे पडते. म्हणून बारीक तुकडे करून, शेणकाला व थोडा युरिया मिसळून ती आधी कुजविणे आवश्यक ठरते. हंगाम संपताच पऱ्हाटी हलविल्याने गुलाबी बोंडअळीचा आसराही नष्ट होतो.

निष्कर्ष :
रासायनिक खत पिकाची तातडीची गरज भागविते. सेंद्रिय खत त्या खताचा लाभ पिकापर्यंत पोहोचविणारी जमीन घडविते. माती परीक्षणानुसार संतुलित मात्रा, नत्राची ओलीवर विभागून मातीआड पेरणी आणि पऱ्हाटीचे कंपोस्ट यांचा मेळ घालणे हाच कोरडवाहू कापसासाठी व्यवहार्य मार्ग होय.