दुष्काळांत जाणाऱ्या सेवकांचा प्रवास व त्यांची जपणूक

धान्यासाठीं दिलेल्या द्रव्यांतून सेवकांचा प्रवास, औषध व विश्रांति यांवर खर्च कां व्हावा, असें कित्येक दाते विचारतात. प्रश्न हिशेबी मनुष्याचा आहे आणि रास्तही आहे. त्याचें उत्तर मागील दुष्काळांच्या अनुभवावरून देणें बरें.

उत्तर चीनमध्यें १८७६ पासून १८७९ पर्यंत पडलेल्या दुष्काळांत सुमारें एक कोटि माणसें मेलीं असावींत, असा अजमास आहे. बाप्टिस्ट मिशनरी टिमथी रिचर्ड हे शान्तुंग प्रांतांत पैसे वांटूं लागले, तेव्हां भुकेल्यांची झुंबड हाच पहिला धोका ठरला. प्रभूनें लोकसमुदायास गवतावर बसविल्याचें शुभवर्तमानांत वाचून त्यांनीं सर्वांस रांगेनें जमिनीवर बसविलें. बसलेला समुदाय रेटीत नाहीं. दुबळीं माणसें व मुलें चेंगरत नाहींत, आणि वांटणाराही सुरक्षित राहतो. या युक्तीस एक पैचाही खर्च नाहीं.

पुढें शान्सी प्रांतांत निराळेंच संकट आलें. हा परका मनुष्य मदतीच्या मिषानें प्रजेचीं मनें आपणाकडे ओढीत आहे, असा तेथील सुभेदार त्सेंग क्वोच्युआन यांस संशय आला. रिचर्ड यांनीं अधिकाऱ्यांशीं मिळून, गांवोगांवच्या कुटुंबांच्या याद्या करून वांटप चालविलें. शिध्यास धर्माची अट घालणारा सेवक सोबत्यांचाही जीव धोक्यांत घालतो. शिवाय तें ख्रिस्ती शिकवणीसही शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तथापि सर्वांत घातक शत्रु रोग. आल्बर्ट व्हायटिंग हे अमेरिकन मिशनरी मदतीस म्हणून शान्सीची राजधानी ताइयुआन येथें आले, आणि कामास पुरता हात लागण्यापूर्वींच एप्रिल १८७८ मध्यें टायफस तापानें वारले. इतका लांबचा प्रवास, आणि वांटप जवळजवळ कांहींच नाहीं! हा ताप उवांपासून पसरतो हें शार्ल निकोल यांनीं १९०९ सालीं दाखविलें. व्हायटिंग यांस तें कळण्याचा मार्ग नव्हता. आज तें ठाऊक असतां साबण, धुतलेले कपडे व निजावयास वेगळी जागा यांस चैन म्हणणें अन्यायाचें होईल.

महाराष्ट्रांतील अनुभवही असाच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून अनाथ मुली आणिल्या. परंतु पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें त्यांना केडगांवच्या शेतावर तात्पुरता निवारा करावा लागला. निघण्यापूर्वीं परतीची जागा ठरलेली हवी, ती याकरितां. १९०० च्या उन्हाळ्यांत मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवर पटकीनें थैमान घातलें. तेथें उकळलेलें पाणी हेंच सेवकाचें चिलखत होय.

सबब सेवकानें एकट्यानें जाऊं नये, रात्रीं मार्ग चालूं नये, मुक्काम कळवीत जावें, आणि रोकड एकाच थैलींत ठेवूं नये. ठरल्या दिवशीं निरोप न आल्यास शोधास कोणीं निघावें, हें आधींच ठरलेलें असावें. ज्यास ताप आला त्यास परत बोलाविण्याचा अधिकार कमिटीकडे असावा, त्याच्या उत्साहाकडे नव्हे.

या कामीं केवळ द्रव्यच लागतें असें नाहीं. कोणता रस्ता चालू आहे व कोठें लूट होते, हें व्यापारी मंडळींस आधीं कळतें. तें पत्रानें कळवावें. जमीनदारांनीं आपल्या वाड्यांत एक कोरडी खोली, विहिरीचें पाणी व जळण इतकें दिलें तरी दोन सेवकांची एका रात्रीची सोय होते.