डावी टाकी, उजवी टाकी

गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावर गेलो तो एका वाक्यापायी. गोंदियाला येताना रेल्वेत विमान चालवायला शिकणारी एक मुलगी भेटली होती. वर गेल्यावर भीती कशाची वाटते, असं विचारलं, तर म्हणाली, "अर्धा तास झाला हे विसरायची."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी. आता इथं वैमानिक घडतात. धानाच्या बांध्यांवरचं धुकं उठायच्या आत जमिनीवरची कामं सुरू होतात. कामठा गावचा एक मदतनीस विमानाच्या पंखाखाली वाकला, टाकीच्या तळाच्या झडपेला पारदर्शक भांडं दाबून थोडं इंधन काढलं आणि उजेडासमोर धरलं. फिकट निळं. दुसऱ्या इंधनाशी गल्लत होऊ नये म्हणून विमानाच्या या पेट्रोलला मुद्दाम रंग देतात. पाणी त्याहून जड, ते तळाशी बसतं.

"रात्री थंडी पडली का टाकीत दव धरते जी," तो म्हणाला. "आपल्याले दिसत नाही, इंजिनाले दिसते."

मग दुसरा पंख. पुन्हा तेच वाकणं, तेच निरखणं. त्या पेट्रोलचा उग्र वास माझ्या शर्टाला संध्याकाळपर्यंत होता.

इथल्या डायमंड डीए-४० या शिकाऊ विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात. पेट्रोल इंजिनाच्या विमानात टाकी निवडायच्या मधल्या खटक्याला तीनच जागा: डावी, उजवी, बंद. 'दोन्ही' ही जागाच नाही. सेसना १७२ या विमानाचे पंख डोक्यावर, इंधन आपल्या वजनानं खाली उतरतं, म्हणून तिथं दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवता येतात. इथं पंख खाली, इंधन पंपानं ओढावं लागतं. दोन्ही उघड्या ठेवल्या आणि एक आधी रिकामी झाली, तर पंप तिच्यातली हवाच ओढत बसेल. म्हणून दर अर्ध्या तासानं टाकी बदलायची. विसरलात तर एक पंख हलका होतो, विमान दुसरीकडे झुकू लागतं. पंप चालू, खटका फिरवायचा, दाबाच्या काट्यावर नजर. काम काही सेकंदांचं, पण ते आठवायचं ऐन गडबडीत.

गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या छोट्या विमानासह समुद्रात कोसळला. त्याच्या विमानात हा खटका डाव्या खांद्यामागे होता. तिथवर हात नेताना ताबा सुटला, असं तपासात निघालं. खटका कुठं बसवावा, एवढीशी गोष्ट.

विमान उडवणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्या दिवसापासून पंखाखाली वाकलेला माणूस आठवतो. त्याला विचारलं, कंटाळा येत नाही का रोज?

"आमच्या बांध्यांवानीच हाये हे. एकीतच पानी सोडत राहिलं तं दुसरी वाळते. पाळी सांभाळा लागते."

अकराच्या सुमारास ती मुलगी उतरली. घामानं चिंब. विमानाचा पंखा थांबला तसा मदतनीस पुढं झाला.

"कोनत्या टाकीवर उतरली, म्याडम?"

"उजवीवर. तीनदा बदलली."

त्यानं मान हलवली. तरी मोजायची नळी घेऊन तो आधी डाव्या पंखाकडे गेला, मग उजव्या.