फर्नांडिना: बाहेरचा उंदीर न पोचलेलं बेट

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी या भागाची लिखित प्रत. बोलताना झालेले अं-अं काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

इग्वानाचं नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जीव खाऊन पळतंय आणि खडकांच्या फटीफटीतून साप निघून त्याच्या मागे लागलेत, ही क्लिप आठवते? २०१६ ची, बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ टू'मधली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ती कितीतरी दिवस फिरत होती. तिचं शूटिंग झालं ते बेट म्हणजे गॅलापागोसमधलं फर्नांडिना. आज तिथला एक दिवस कसा असतो ते बघू.

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून हे बेट साधारण हजार किलोमीटर पश्चिमेला आहे. अख्खं बेट म्हणजे एकच ज्वालामुखी, ला कुंब्रे, आणि तो चांगला जिवंत आहे. अलीकडे मार्च २०२४ मध्ये फुटला आणि लाव्हा वाहत समुद्रापर्यंत गेला. माणसांची वस्ती शून्य. पर्यटकांना उतरता येतं ते एकाच ठिकाणी, पुंता एस्पिनोसा नावाच्या टोकावर, तेही गाइडसोबतच. १८३५ मध्ये डार्विन इथून जवळून गेला, शेजारच्या इसाबेलावर उतरला, पण फर्नांडिनावर त्याने पाय ठेवला नाही.

सकाळी छोट्या रबरी बोटीतून उतरलात की आधी तिवरं दिसतात. कोकणातल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटेल! मग काळाकुट्ट लाव्हा सुरू होतो, दोरखंडाला पीळ घालावा तसा वळ्यावळ्यांचा. जात आपल्या सह्याद्रीच्याच दगडाची, बेसाल्टची. फक्त आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा कालपरवाचा.

आणि मग लक्षात येतं की ज्याला आपण खडक समजत होतो तो खडक शिंकतोय. शेकडो सागरी इग्वाना एकमेकांच्या अंगावर रचून ऊन खात पडलेले असतात. जगात समुद्रात चरणारा सरडा हा एवढाच. खातो समुद्री शेवाळ. त्यासोबत पोटात जाणारं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथीत जमा होतं आणि ते तो फुर्रकन् बाहेर उडवतो. डोक्यावर दिसणारा पांढरा थर म्हणजे तेच मीठ. लांब बुडी मारतात ते मुख्यतः मोठे नर. माद्या आणि लहान इग्वाना ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. पाणी गार, त्यामुळे बाहेर आल्यावर तासन्‌तास तापणं भाग असतं. म्हणून ते ढीग.

आता, विषुववृत्ताजवळ पाणी गार कसं? या भागाचं सगळं गणित इथे आहे, म्हणून जरा थांबतो. पॅसिफिकच्या पोटातून, पृष्ठभागाखालून, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रवाह वाहतो, क्रॉमवेल प्रवाह. तो गॅलापागोसच्या पश्चिम बाजूला येऊन आदळतो, म्हणजे फर्नांडिना आणि इसाबेलावर. तिथे खोलातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर शेवाळ, मासे आणि विषुववृत्तावर चक्क पेंग्विनसुद्धा.

एल निनोच्या वर्षी पाणी तापतं आणि ही रसद तुटते. १९८२-८३ च्या एल निनोत इथले सुमारे ७७ टक्के पेंग्विन गेले. इग्वानांचं तर आणखी अजब. उपासमारीत ते नुसते वाळत नाहीत, लांबीलाही कमी होतात, २० टक्क्यांपर्यंत! पुन्हा अन्न मिळालं की परत वाढतात.

पुढे टोकाशी न उडणारे पाणकावळे. जगात फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर. पंख म्हणजे फाटक्या छत्रीसारखे, पण बुडी मारून आल्यावर ते पसरून वाळवायची सवय सुटलेली नाही. मला वाटायचं, न वापरलेल्या कोडसारखं असेल, कुणी बघत नाही म्हणून हळूहळू बिघडत गेलं. पण २०१७ च्या एका अभ्यासात असं दिसलं की यांच्यात बदललेली काही जनुकं हाडांच्या वाढीशी संबंधित आहेत, आणि त्यातल्या काहींमध्ये बिघाड झाला तर माणसांतही हाडांचे आजार होतात. म्हणजे माझं उदाहरण अर्धंच बरोबर.

आणि उंदीर. हो, इथे उंदीर आहेत, पण इथलेच, भाताच्या उंदरांच्या कुळातले. दोन जाती, दोन्ही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एक जात तर संपलीच असं मानत होते, ती १९९५ मध्ये जिवंत सापडली. जहाजांतून आलेले काळे उंदीर जिथे पसरले, तिथल्या बहुतेक बेटांवर असे मूळचे उंदीर संपले. फर्नांडिनावर ते काळे उंदीर पोचलेले नाहीत. शेजारच्या इसाबेलावर बकऱ्या पोचल्या, तर जंगल परत मिळवायला हेलिकॉप्टरमधून हजारो बकऱ्या माराव्या लागल्या. आणि मधे समुद्र किती? काही किलोमीटर.

म्हणून सामान तपासतात, बोटींचे तळ बघतात, फळं-बिया नेऊ देत नाहीत. मला आधी हे सगळं सरकारी कटकट वाटायची. मग फर्नांडाबद्दल वाचलं. या बेटावरचं महाकाय कासव १९०६ मध्ये एकदा सापडलं, एकच नर, आणि त्यानंतर शंभरेक वर्षं काहीच नाही. २०१९ मध्ये लाव्हाने वेढलेल्या हिरव्या तुकड्यात एक म्हातारी मादी सापडली. जनुकं जुळवून बघितली, त्याच जातीची निघाली. आता ती सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात असते. तिच्यासाठी नर शोधायला माणसं त्याच लाव्हावरून पायपीट करत गेली. पर्यटकांना तिकडे जाता येत नाही.

दुपारी भरती चढायच्या आत परत फिरायचं. इग्वानापासून दोन मीटर लांब राहायचं असा नियम आहे, पण इग्वाना वाटेतच पसरलेले असतात, म्हणून वळसा आपण घालायचा. बोटीत बसण्याआधी गाइड तुमचे बूट धुवायला लावतो, तळव्याच्या खाचांतली वाळूसुद्धा. मोठी बोट रात्रीत दुसऱ्या बेटाकडे निघालेली असते.